बाईंचं पडीक

आमच्या भूगोलाच्या बाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. वर्षानुवर्षं पालकसभेला येणाऱ्या बापाला त्या सरळ विचारायच्या, "आपण कोण?" तो बिचारा नाव सांगायचा, मुलाची इयत्ता सांगायचा, तरी बाई ढिम्म. शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणायचा, "मॅडम, मी मखमलाबादचा. पाटाच्या कडेला चिंच आहे बघा, तिच्या खालचं वावर आमचं." की बाईंचा चेहरा उजळायचा. "हां हां! दरवर्षी शेजाऱ्याचा बांध कोरणारे तुम्हीच का?" त्यानंतर मुलाच्या प्रगतीविषयी बोलायला तो बाप थांबत नसे.

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवते. नाशिकच्या आमच्या त्या शाळेत माझी खुर्ची बाईंच्या शेजारी होती, त्यामुळे त्यांच्याविषयी तक्रार करण्याचा आणि त्यांची बाजू घेण्याचा असे दोन्ही हक्क मी राखून आहे. उंच, काटकुळ्या, साडी चार बोटं वर नेसलेली, पायात बाराही महिने रबरी तळाच्या काळ्या चपला. चहा बशीत ओतून प्यायच्या आणि वर विचारायच्या, "कपात गार कधी होणार तो?" मूळच्या नामपूरच्या. शहरात राहून भाषा पुणेरी वळणाची झाली होती, पण राग आला की अहिराणी वर यायची. वर्गात "काय शे हे?" ऐकू आलं की पोरं वह्या लपवायची.

बाईंचं एक वाक्य ठरलेलं होतं, "माणूस खोटं बोलतो, शेत बोलत नाही." त्यांच्याबरोबर एसटीने कुठेही जाणं म्हणजे सलग निकालवाचन. जागा कायम पुढची, काचेजवळची. सिन्नरला सहल नेली तेव्हा मुलं मागे गाणी म्हणत होती आणि पुढे बाई मला ऐकवत होत्या, "ही सोयाबीन बघ. पेरली आणि विसरला. याच्या देवापुढचा दिवाही आठवला तरच लागत असेल." जरा पुढे गेल्यावर, "हा मका बघ, ओळी किती सरळ! बायको शहाणी आहे याची."

"बाई, मक्याचा आणि बायकोचा काय संबंध?"

"ओळी तिनेच धरल्यात. पुरुषाच्या हाताने इतकं सरळ होत नाही."

हे सगळं मी थट्टेवारी न्यायची. एकदा मात्र कळवणला एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला चाललो होतो. वाटेत एक पंप बंद पडलेली विहीर, अर्धवट खुडलेली मिरची आणि मधोमध नवीन तारेचं कुंपण असं शेत दिसलं. बाई म्हणाल्या, "बाप गेला, पोरं भांडतायत." गाडी चहाला थांबली तेव्हा मी खातरजमा करायला टपरीवाल्याला विचारलं. तो चमकून म्हणाला, "तुमी नात्यातल्या हाय का? लय वाईट झालं पाहा, सख्खे भाऊ एकमेकाचं तोंड पाहत नाय." मी विजयी मुद्रेने बाईंकडे वळले. त्या ग्लासात बघत होत्या. तेव्हा मला आठवलं आणि मी जीभ चावली.

कारण नामपूरला बाईंचं स्वतःचंही एक शेत होतं, आणि ते पडीक होतं.

ही हकीकत स्टाफरूममध्ये सर्वांना ठाऊक होती. वडील गेले. रीतीप्रमाणे भाऊ बहिणीला न्यायला आला. आपल्याकडे बहिणीने बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करायची असते, भावाने साडी-चोळी करायची असते, आणि सगळ्यांनी पुरणपोळी खाऊन घरी जायचं असतं. भावाने तेच योजलं होतं. पुरण शिजलं होतं. साक्षीदार ओट्यावर बसले होते. बाईंनी कागद शांतपणे वाचला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही."

"आता विचारतोच आहे ना, आक्का," भाऊ म्हणाला.

"पुरण शिजवून झाल्यावर?"

मी बाईंना ओळखते. त्यांना आधी नीट विचारलं असतं तर कदाचित त्यांनी सही करून वर भाचीला फ्रॉक घेतला असता. पण गृहीत धरलं की त्या संपल्या. त्यांनी आपला हिस्सा मोजून घेतला, सातबाऱ्यावर स्वतंत्र नाव चढवलं आणि भावाला बजावलं, "माझ्या हिश्श्यात नांगर घातलास तर पोलिसात जाईन." स्वतः कसणं शक्य नव्हतं, दुसऱ्याला द्यायचं नव्हतं, भावाला तर नाहीच नाही. भोवती हिरवागार कांदा आणि मध्ये बाईंच्या बाभळी. ज्या बाई दुसऱ्याचा वाळका मका बघून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या, त्यांच्याच रानात पुरुषभर गवत माजलं. भावाचं म्हणणं एवढंच होतं की आक्काने मला गावात चोर ठरवलं. त्या वर्षीच्या भाऊबिजेला तो आला नाही. पुढच्याही नाही.

तेव्हापासून बाई दिवाळीच्या सुट्टीत नाशकात राहीनाशा झाल्या. पाठीला सॅक लावायची आणि निघायचं. लोक विचारायचे, यंदा कुठे? त्या ऐटीत सांगायच्या. पण जायचं कशासाठी हे मला कळत होतं. भाऊबिजेच्या दिवशी दाराची कडी वाजत नाही हे ऐकायला त्या घरात थांबत नव्हत्या.

प्रवासाचे त्यांचे नियम कडक होते. टूर कंपनी नको. "आपली माणसं सिंगापूरला जाऊन पिठलं-भाकरी खातात आणि जग पाहिलं म्हणतात." विमान फक्त समुद्र आडवा आला तर. बाकी सगळं जमिनीवरून, आणि तेही उजेडी, कारण रान दिसलं पाहिजे. खाणं जिथलं तिथलं. सॅकमध्ये दोन साड्या, एक पंजाबी ड्रेस, टॉर्च आणि उन्हाची बाधा होऊ नये म्हणून एक कांदा. परदेशातल्या विमानतळावर तो जप्त झाला तेव्हा बाईंनी त्या अधिकाऱ्याला मराठीत समजावलं की हे औषध आहे. त्याने नम्रपणे मान डोलावली आणि कांदा टोपलीत टाकला.

अशाच एका वर्षी मीही बरोबर होते. नवऱ्याला सुट्टीत कामावर जायचं होतं, मुलगी आजीकडे रमणार होती, आणि बाई म्हणाल्या, "चल लाओसला." सासूबाईंनी विचारलं, "तिथे देवदर्शन तरी आहे का?" मी म्हटलं, बुद्ध आहे. "मग जा," त्या म्हणाल्या, आणि चिवड्याचा डबा पुढे केला. तो बाईंनी बँकॉकच्या स्टेशनवर एका भिक्षूला देऊन टाकला.

बँकॉकहून रेल्वेने सीमेपर्यंत, मेकाँग नदीवरचा पूल ओलांडून लाओसमध्ये, तिथून बसने डोंगर चढत उत्तरेला, असा आमचा मार्ग होता. माझी पाठ मोडली. बाई ताज्यातवान्या. प्रत्येक बसमध्ये त्या ड्रायव्हरशेजारची जागा मिळवायच्या, तीही खुणांनी आणि शुद्ध मराठीत. "दादा, सरका जरा," म्हटलं की लाओसचा ड्रायव्हर खरंच सरकायचा. मग निकालवाचन सुरू. भाताची कापणी चालली होती. "पेंढ्या बघ कशा उभ्या केल्यात. कष्टाळू लोक आहेत. हा मात्र कुठेतरी नोकरीला दिसतो, बांधावर तण माजलंय." जेवताना चिकट भाताचा गोळा करून तो मिरचीच्या वाटणात बुडवायचा असतो. बाईंनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "ठेचा! अगं, हा आपला ठेचाच की!" मला त्या प्रवासातल्या बाई फार आवडल्या. भाऊबीज जवळ येत चालली होती, आणि त्या दिवसेंदिवस जास्त बोलत होत्या.

या देशाची गोष्ट बाईंनी मला बसमध्येच सांगितली होती. शेजारच्या व्हिएतनाममध्ये लढाई पेटली आणि अमेरिकेच्या विमानांनी लाओसवर वर्षानुवर्षं बॉम्ब टाकले. एकेका मोठ्या कवचात पेरूएवढाले शेकडो गोळे असत. ते हवेत विखुरत आणि पडत. त्यातले कितीतरी फुटलेच नाहीत, मातीत तसेच राहिले. माझा जन्म व्हायच्या आत ती लढाई संपली, पण कुदळ लागली, नांगर लागला, की ते गोळे अजून फुटतात. तिकडे त्यांना बॉम्बी म्हणतात, अगदी घरातल्या मांजराला हाक मारावी तसं.

फोनसावन नावाच्या गावी पोचलो. थंड हवेचं पठार, भोवती बोडके डोंगर. तिथे एक मध्यमवयीन वाटाड्या ठरवला. हसरा गृहस्थ, इंग्रजी मोडकं पण स्पष्ट. पहिलीच गोष्ट त्याने सांगितली, पायवाट सोडायची नाही. फुलासाठी नाही, फोटोसाठी नाही, लघवीसाठीसुद्धा नाही. बाईंनी मान डोलावली आणि मला बजावलं, "ऐकलंस ना?"

त्या दिवशी भाऊबीज होती. मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, आणि सकाळपासून दोघींपैकी एकीनेही तो शब्द काढला नव्हता.

एका वस्तीकडे जाणाऱ्या वाटेने आम्ही चाललो होतो. दोन्ही बाजूंना भात कापून झालेला, खोडक्या उन्हात पिवळ्याजर्द. आणि मधेच एक रान आलं. सपाट, काळंभोर, पाण्याजवळचं, आणि त्यात कमरेएवढं गवत. बाई थबकल्या. त्यांच्या कपाळावर ती पालकसभेतली आठी आली.

"एवढी जमीन!" त्या म्हणाल्या. "कोण गं हा दळभद्री?"

मी पाण्याची बाटली काढायला सॅकमध्ये हात घातला होता. वर बघते तो बाई बांध ओलांडून गवतात शिरल्या होत्या. नामपूरचा माणूस चांगली जमीन बघून बांधावर उभा राहू शकत नाही, आत जाऊन ढेकूळ हातात घेतल्याशिवाय त्याला राहवत नाही. बाईंना बॉम्बची माहिती माझ्यापेक्षा जास्त होती. पण पायांना ती कुणी सांगितलीच नव्हती. चांगल्या आतपर्यंत गेल्या, वाकल्या, एक ढेकूळ उपटलं आणि चुरगळून नाकाशी नेलं.

वाटाड्या किंचाळला. पुढच्या उंच खांबांवरच्या घरातून एक बाई धावत आली, बाईंच्याच वयाची, डोक्याला फडकं बांधलेली. ती बांधावर येऊन थांबली, दोन्ही हात वर करून ओरडू लागली. तिच्या भाषेतला एक शब्द मला कळत नव्हता, पण काय म्हणतेय ते कळायला भाषा लागत नव्हती.

बाई वळल्या आणि त्यांना समजलं. हातातली माती तशीच हातात राहिली. टाकावी की नको, हेही त्यांना सुचेना.

"आलात तशाच या," वाटाड्या म्हणत होता. "गवत जिथे मोडलंय तिथेच पाय. दुसरीकडे नको. हळू."

आपण नाशिकला काय तोंड दाखवणार, असा एक मूर्ख विचार माझ्या मनात आला. बाईंनी चपलेचा पाय उचलला, मोडलेल्या गवतावर ठेवला. मग दुसरा. आयुष्यात मी त्यांना खाली मान घालून चालताना पाहिलं नव्हतं. ओठ हलत होते. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या की कुलदेवी वगैरे काही आठवली नाही, भावाचं नाव येत होतं तोंडात, आणि त्याचाच राग येत होता.

त्या बांधावर आल्या तशी त्या शेतकरणीने त्यांच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. शाळेत ज्यांच्यापुढे मुख्याध्यापकही जपून बोलत, त्या आमच्या बाईंनी ती चापट निमूट सोसली. मग तिने बाईंचं मनगट धरलं ते घरात नेऊन बसवेपर्यंत सोडलं नाही.

शेत तिचंच होतं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तसंच होतं. सासऱ्याच्या बैलाचा पाय पडला आणि बैल गेला, तेव्हापासून त्यात कुणी उतरलं नव्हतं. सरकारी माणसं यंत्र घेऊन येतात, एकेक रान तपासून मोकळं करतात. तिची पाळी अजून आली नव्हती. तोवर घराशेजारच्या पट्टीत जे येईल ते. अंगणात बॉम्बचं एक लांबलचक कवच चार खांबांवर आडवं ठेवलं होतं, त्यात माती भरून तिने कांद्याची पात लावली होती. बाईंनी पातीवरून हात फिरवला.

जेवायला बसलो. चिकट भात, मिरचीचं वाटण, ती पात. ती विचारत होती, वाटाड्या इंग्रजीत सांगत होता, बाई उत्तर देत होत्या.

"तुमच्याकडे शेती आहे का?"

"आहे."

"काय लावता?"

बाईंनी आयुष्यभर कुणाच्या प्रश्नाला बगल दिली नव्हती. तेव्हाही दिली नाही. "काही नाही," त्या म्हणाल्या. "पडीक आहे."

ती चुकचुकली. सरकून जवळ आली आणि बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. वाटाड्याने सांगितलं, "विचारतेय, तुमच्याकडेही बॉम्ब पडले होते का?"

"नाही."

"मग?"

बाईंनी हातातला घास खाली ठेवला. "भाऊ आहे," त्या म्हणाल्या.

वाटाड्याने ते सांगितलं. तिने पुन्हा काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "विचारतेय, भाऊ आजारी आहे का? हातपाय धड नाहीत का?"

"धडधाकट आहे. दिवस उगवायच्या आत शेतावर असतो."

तिने वाटाड्याकडे बघितलं, हा नीट सांगत नाही असं तिला वाटलं असावं. त्याने खांदे उडवले. मग ती हसली, मनापासून, परदेशी बाईने काहीतरी विनोद केला म्हणून. आणि बाईंच्या पुढ्यात आणखी एक भाताचा गोळा ठेवला. बाईंनी तो खाल्ला. खाताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी ते मिरचीने नव्हते. मला त्यांच्याविषयी इतकं वाईट वाटलं की मी उगाचच पाणी प्यायले.

जेवण झाल्यावर बाई अंगणात आल्या आणि माझ्यापुढे हात केला. "फोन दे तुझा." माझ्या फोनमध्ये तिकडचं सिमकार्ड होतं. भावाचा नंबर त्यांनी आपल्या फोनमधून केव्हाच काढून टाकला होता. बोटांनी तो न थांबता दाबला. त्या फोन कानाला लावत नाहीत, स्पीकरवर ठेवून समोर धरतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. अहिराणी मला निम्मीच कळते. त्या दुपारी सगळी कळली.

पलीकडून परदेशी नंबर बघून भाऊ खेकसला, "माले लोनबिन काही नको!"

"मी शे. आक्का."

बराच वेळ फक्त मागचं कुत्रं भुंकताना ऐकू येत होतं. मग एकदम घाबरा आवाज, "काय व्हयनं? कोठे शे तू?"

"बरी शे मी. ऐक. सही मी करनार नही. आधीच सांगी ठेवस."

"मी कोठे मांगी ऱ्हायनू?"

"वावर नांगरी टाक."

"कोनतं?"

बाईंचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मनं," त्या म्हणाल्या. माझं.

भावाने नाक ओढल्याचा आवाज आला. मग तो शेतकऱ्याच्या कामाच्या आवाजात बोलू लागला, जणू काल बोलणं अर्धवट राहिलं होतं. रोप जास्तीचं टाकलंय, बाभळी काढायला माणसं लागतील, पौषाच्या आत जमीन तयार झाली तर उन्हाळ कांदा लागून जाईल. बाई हूं हूं करत होत्या. शेवटी तो म्हणाला, "पन तू आल्याबिगर मी ट्रॅक्टर घालनार नही."

त्याला नीट विचारून घ्यायची अक्कल आली होती, असं बाई नंतर म्हणाल्या.

सुट्टीवरून परतल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही नामपूरला गेलो. भाऊ बसस्टँडवर आला होता. बाईंनी त्याचा चेहरा लगेच ओळखला, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. बहीणभाऊ गळ्यात वगैरे पडले नाहीत. शेतावर पोचेपर्यंत नांगरट उभी घालायची की आडवी, यावरून भांडण लागलं होतं. बाईंचं म्हणणं, उतार पूर्वेला आहे, आडवी घाल. भावाचं म्हणणं, तू भूगोल शाळेत शिकव. भावजयीने ओवाळायचं ताट बांधावर आणलं होतं. बाईंनी आधी भावाला ओवाळलं, मग ट्रॅक्टरला, आणि नांगरट आडवी झाली.

बाभळी तोडून झाल्या होत्या, पण काट्यांचा सडा तसाच पडला होता. ट्रॅक्टर सुरू झाला, नांगराचं पहिलं तास पडलं, खालची काळी माती उलटी होऊन वर आली. बाईंनी चपला बांधावर काढल्या, पदर खोचला आणि नांगरामागे चालू लागल्या. मान वर, नजर पुढे, मधेच वाकून ढेकूळ उचलायचं, चुरगळायचं, वास घ्यायचा आणि पुढे. मी बांधावर उभी होते आणि माझा जीव उगाचच वरखाली होत होता.

भावाने मागे वळून पाहिलं आणि ट्रॅक्टरच्या आवाजावरून ओरडला, "आक्का, चप्पल घाल! बाभळीना काटा रुती जाई!"

"काटाच शे ना?" बाईंनी ओरडून उत्तर दिलं. "रुतू दे!"